सोळा व्होल्टचा कंडेन्सर

औसा बसस्टँडसमोरच्या पत्र्याच्या टपरीत सिद्धलिंग रेडिओ दुरुस्त करायचा. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कचेऱ्या आल्या, पाट्या बदलल्या, पण पाऊस काही जिल्ह्याच्या मागं आला नाही. सकाळी लिंगपूजा करून, कपाळी विभूती लावून तो टपरी उघडायचा. देवापुढं खोटं बोलायचं नाही आणि गिऱ्हाइकापुढंही नाही, एवढाच त्याचा नेम.

दुष्काळात सेल घेणं लोकांना जड झालं, तसा तो विजेवर रेडिओ चालवायचे डबे बनवू लागला. तांब्याची तार मोजून गुंडाळायची, ट्रान्सफॉर्मर स्वतः बांधायचा. दुसरे मिस्त्री बाजारचा तयार माल बसवत. खेड्यात त्यावर रेडिओ नुसता घुंऽऽ करायचा. सिद्धलिंग आधी मीटर घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जायचा. भरदुपारी सगळ्या विहिरींवरच्या मोटारी चालू, दोनशे तीसच्या जागी दीडशे-एकशेसाठ व्होल्ट. म्हणून त्यानं तारेचे वेढे वाढवले, म्हणजे वीज कितीही पडली तरी रेडिओला नऊ व्होल्ट मिळावेत. घुमणं गाळायला पुढं कंडेन्सर बसवला, सोळा व्होल्टचा. तो लहान डब्यात नीट मावायचा. असे बारा डबे गावोगाव गेले.

मग चैत्रात एके सकाळी व्यंकटी आला आणि त्यानं पिशवीतला डबा टेबलावर ओतला. आतून फुटलेल्या कंडेन्सरच्या चांदीच्या कागदाच्या चिंध्या निघाल्या.

"मिस्त्री, रेडिओचा डबा दिला का दिवाळीचा सुतळी बॉम्ब? फाटकन वाजला! म्हातारी देवघरातून पळत अंगणात."

"कुणाला लागलं न्हाई ना?" सिद्धलिंगानं आधी हेच विचारलं.

"न्हाई. पर लाइट लई यायलीय. बल्ब कसा पांढराफेक! आठ दिस झाले, मोटारी बंद हायत. विहिरीत हायेच काय ओढायला?"

सिद्धलिंगानं चिंध्या गोळा केल्या आणि टपरी बंद केली.

घरी त्यानं बायकोला, नीलाबाईला, सगळं सांगितलं. मोटारी बंद पडल्या की वीज वर चढते. वाढवलेले वेढे मग जास्तच देतात. कंडेन्सरवर अठराच्या घरात दाब येतो आणि तो सोळाचाच.

नीलाबाई हातातली ज्वारी पाखडायची थांबली. "तुमी विहिरीत पाणी असतानाचं मोजलं. ते संपल्यावरचं मोजलंच न्हाई."

"महादेवाची आण, ध्यानातच आलं न्हाई."

"मग देवावर कशाला घालता? हाव तसे निघा. कुणाकुणाकडं डबे हायत ते मी सांगते."

प्रत्येकाला तिनंच चहा दिलेला, त्यामुळं तिला सगळी नावं पाठ होती. सिद्धलिंगानं लातूरहून पस्तीस व्होल्टचे मोठे कंडेन्सर आणले, डब्यांना बाहेरून पत्र्याची टोपी करून घेतली आणि गाव-गाव पालथं घातलं. कुणी हसलं, कुणी म्हणालं, "मिस्त्री, आमचा तर झकास चालतोय, कामून खोलता?" पण त्यानं खोललाच. पाच दिवसांत दहा डबे झाले, व्यंकटीचा अकरावा.

राहिला मुरुडच्या पलीकडच्या वस्तीवरच्या लिंबाजीचा. त्याच्याच आठवणीनं सिद्धलिंगाचा जीव थाऱ्यावर नव्हता. पण लिंबाजीच्या शिवारात मोटार अजून चालतेय असं कळलं होतं, म्हणून त्यानं हे गाव शेवटी ठेवलं होतं. लिंबाजीला अर्धांगवायू झालेला. उजवं अंग हलत नव्हतं. डबा त्याच्या उशाशी, कानापासून वीतभर अंतरावर, वाकळेवरच ठेवलेला असायचा. सिद्धलिंगानंच तो तिथं ठेवला होता, हात पुरावा म्हणून.

मुरुडला बसमधून उतरून तो पायी निघाला. वस्ती दिसू लागली, लांबून मोटारीचा आवाज ऐकू येत होता, आणि त्याला हायसं वाटलं. तेवढ्यात आवाज तुटला. एकदा खरखरला, पुन्हा तुटला, आणि मग काहीच नाही.

सिद्धलिंग पळत सुटला. विभूती घामानं पुसून गेली, हातातली पिशवी मांडीवर आपटत होती.

दारात लिंबाजीची बायको सरजाबाई घागर घेऊन उभी. "मिस्त्री? काय झालं?"

उत्तर न देता तो आत शिरला. रेडिओवर अभंग चालला होता. सिद्धलिंगानं पिन ओढली आणि डबा उचलला तर तो चुलीवरच्या तव्यासारखा. अंगणात नेऊन खोलला. कंडेन्सरची टोपी फुगून वर आलेली.

"अहो, अभंग संपायचाच व्हता!" आतून लिंबाजी ओरडला.

"मामा, माफ करा. चूक माझी हाय," म्हणून सिद्धलिंगानं सगळं सांगितलं. आत जाऊन फुगलेला कंडेन्सर त्यानं लिंबाजीच्या डाव्या हातात ठेवला.

लिंबाजीनं तो अंगठ्यानं चाचपला. "ह्यो माझ्या कानाशी व्हता व्हय? बरं झालं, पळत आलास."

सिद्धलिंगानं नवा बसवला, पत्र्याची टोपी चढवली, डबा उशाशी न ठेवता भिंतीला खिळ्यावर टांगला आणि रेडिओची तार लांबवून दिली. रेडिओ लागला. घुमणं नाही, खरखर नाही.

"आज लई साफ यायलाय रं," लिंबाजी म्हणाला.

सिद्धलिंगानं दाराकडं पाहिलं. सरजाबाई अजून तिथंच होती, कान विहिरीकडं लावून. मग घागर तिनं हळूच उपडी ठेवली आणि त्याच्यापुढं तांब्या धरला. तांब्यात अर्धंच पाणी होतं.

"घ्या मिस्त्री, पळत आलाव. वीज तेवढी लई आलीय, बगा."

त्यानं दोन घोट घेतले आणि तांब्या तिला परत दिला.