जागा हाय

“या, या. जागा हाय.”

गाडीत पाय ठेवायला जागा नसायची, तेव्हाही ती हेच म्हणायची. मग स्वतः अंग चोरायची, शेजारच्याचं दप्तर मांडीवर घ्यायची, एखाद्या पहिलीतल्या पोराला दोघींच्या मध्ये दाबून बसवायची, आणि खरोखरच जागा व्हायची.

मी शाळेची व्हॅन चालवते. आधी नवरा चालवायचा. त्याची कंबर गेली तेव्हा मी लायसन्स काढलं. कळंबोलीच्या बाजूने मुलं घ्यायची, जुन्या पनवेलमधली घ्यायची आणि नवीन पनवेलच्या शाळेत सोडायची. ड्रायव्हरच्या समोर एक आरसा असतो. तो मागच्या गाड्या बघायला असतो, पण शाळेची गाडी चालवणारा माणूस त्यात मुलंच जास्त बघतो. तुमच्या घरी या वयाचं कोणी असेल, तर मी सांगते ते तुम्हीही थोडंफार बघितलं असेल.

ती पाचवीपासून माझ्या गाडीत होती. गावठाणातली मुलगी. वडील लोखंड बाजारात वजनकाट्यावर. गावठाणाला लागूनच नवा टॉवर उभा राहिला होता, त्यात सान्वी राहायची. दोघी एकाच वर्गात, एकाच ठिकाणी चढायच्या. सान्वीला टॉवरच्या गेटपाशी उभं राहायचं असायचं आणि हिला नाक्यावर. मग रोज दोघी मधोमध येऊन थांबायच्या आणि मला गाडी भलत्याच ठिकाणी उभी करावी लागायची. एका मोटारवाल्याने हॉर्न मारून मारून हैराण केलं, तर हिने खिडकीतून डोकं काढून त्याला सांगितलं, “काका, थांबा जरा. लहान पोरं हायत.” ती स्वतः तेव्हा सहावीत होती.

सहावी-सातवीत गाडीत नुसता कल्ला असायचा. कळंबोलीत ट्रक रांगेने उभे असतात. त्यांच्या मागे काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायचं आणि त्यातल्या शेवटच्या अक्षरावरून गाणं म्हणायचं, हा हिचा खेळ. मुलं-मुली, लहान-मोठी, सगळी त्यात. कोण कुठल्या तुकडीतलं, कोण कुठे राहतं, याची कोणाला पडलेली नव्हती. एकदा एका मुलाने शाळेच्या प्रदर्शनासाठी ज्वालामुखी केला होता, कागदाच्या लगद्याचा, ओला. मी म्हटलं, हा गाडीत येणार नाही. ती म्हणाली, “काकू, जागा हाय.” ज्वालामुखी आला. चार जणांच्या युनिफॉर्मला तांबडा रंग लागला आणि मला चार आयांचे फोन आले.

आठवीच्या जूनमध्ये मुली फ्रॉक सोडून सलवार-कुर्त्यात आल्या, ओढणीला पिना लावून. मुलं फुल पँटमध्ये. पहिल्या दिवशी कोणी गाडीकडे धावत आलं नाही. चालत आले, इकडेतिकडे बघत. दरवर्षी आठवीचं असं होतं, पण दरवर्षी मला ते नव्याने दिसतं.

शाळेने तुकड्याही बदलल्या. सान्वी ‘अ’मध्ये गेली, ही ‘क’मध्ये. सान्वीला तिथे दोन मैत्रिणी मिळाल्या. त्याही माझ्याच गाडीतल्या. तिघींनी मागची सीट धरली. शाळेत फोन न्यायला बंदी, पण दप्तराच्या तळाशी तो असायचाच. आता मागून मोठ्याने बोलणं ऐकू येत नसे. मध्येच तिघी एकदम हसायच्या, कोणी काही न बोलता. ज्याच्याशी ही चिंचेच्या गोळ्यांची देवाणघेवाण करायची, तो मुलगा पुढच्या कोपऱ्यात बसू लागला. कोणीतरी दोघांना चिडवलं असणार. त्याने तिच्याकडे बघणंही सोडलं.

एके दिवशी एक लहान मुलगी चढली आणि ही सवयीने म्हणाली, “ये, जागा हाय.” मागच्या तिघींतल्या एकीने हुबेहूब तिच्या सुरात म्हटलं, “जागा हाय, हाय, हाय.” गाडी हसली. सान्वीही हसली, खाली बघून. हिने त्या लहानगीचं दप्तर घेऊन मांडीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून ती “जागा आहे” म्हणू लागली. आणि “नाय”चं “नाही” झालं. बोलायच्या आधी क्षणभर थांबायची. त्यामुळे तिचं बोलणंच कमी झालं.

सान्वीचा वाढदिवस टॉवरच्या क्लबहाउसमध्ये झाला. हिला बोलावलं नव्हतं. सोमवारी मागे त्याच गप्पा चालल्या होत्या आणि ही चढल्याबरोबर बंद झाल्या. हिने मागे वळून सरळ विचारलं, “छान झाला ना वाढदिवस?” सान्वी म्हणाली, “हो, छोटाच केला.” हिने मान हलवली आणि माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली. तेव्हापासून तीच तिची जागा झाली.

काही दिवसांनी मी विचारलं, “काय गं, सान्वीशी भांडण झालंय का?”

“नाही काकू,” ती म्हणाली. “भांडण झालं असतं तर मिटलं असतं.”

 मी गिअर बदलला.

नववीत नाझिया आली. जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यातली, वडील आखातात नोकरीला. आधी ती मामाच्या स्कूटरवरून शाळेत जायची. ‘क’मध्ये दोघी एका बाकावर बसायच्या. नाझिया अतिशय हळू बोलायची आणि रोज उशीर करायची. ही म्हणायची, “काकू, दोन मिनिटं थांबा, ती निघाली असेल.” मी म्हणायची, “तुझ्या नाझियापायी सगळ्यांना उशीर होतो.” तोवर ती ओढणी सावरत धावत यायची, “सॉरी काकू, माफ करा,” असं दोन्ही म्हणत. मग दोघी माझ्या मागच्या सीटवर बसायच्या. गाणी नाहीत, खेळ नाही. कधी नुसत्या बाहेर बघत बसायच्या, पण एकाच खिडकीतून.

एकदा ऐकलं, नाझिया तिला सांगत होती, “तू घरी बोलतेस तसंच बोल ना. माझी नानी उरणची आहे, तीपण हाय-नायच करते.”

“शाळेत हसतात.”

“मी कुठे हसते?”

त्या वर्षी दिवाळीनंतर मागच्या सीटवर काहीतरी बिनसलं. मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. सान्वीचा कुठलातरी फोटो, त्यावर काहीबाही लिहून सगळ्या वर्गात फिरवलेला. त्या सकाळी सान्वी चढली तेव्हा मागच्या दोघींनी मधल्या जागेवर दप्तरं ठेवली होती आणि दोघी बाहेर बघत होत्या. सान्वी वाकून, वरची दांडी धरून उभी राहिली. गाडीत कोणी हललं नाही. मी आरशात बघत होते. सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात ही सरकली. नाझियाला कोपराने ढोसलं, तीही सरकली. हिने सान्वीचं मनगट धरून तिला खाली बसवलं.  सान्वीचे डोळे पुसायला नाझियाने आपला रुमाल दिला, एवढंच.

सान्वी काही दिवस तिथेच बसली. मला वाटलं, चला, जुळलं पुन्हा. पण मागच्या दोघींशी तिचं मिटलं आणि एका सकाळी ती सरळ मागे जाऊन बसली. जाताना हिच्याकडे बघून हसली, ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तशी.

मला राग आला. मुलं उतरली, ही शेवटी राहिली, तेव्हा मी म्हटलं, “गेली ना परत? तू कशाला बसवलंस तिला?”

ती खरंच विचारात पडली. मग म्हणाली, “ती उभी होती, काकू. म्हणून बसवलं. मैत्रीण म्हणून नाय.”

आणि दप्तर उचलून नाझियाच्या मागे धावली.

दहावीला त्यांचे जादा तास सकाळी लवकर सुरू झाले. तिच्या आईचा फोन आला, “आता ती बसनेच जाईल.” नाझियानेही गाडी सोडली. निरोप वगैरे काही झाला नाही. शाळेच्या गाडीला कोणी निरोप देत नाही. जूनमध्ये त्या जागेवर दुसरं मूल बसतं आणि त्याची आई खिडकीपाशी येऊन सांगते, याला गाडी लागते, पुढे बसवा.

गेल्या महिन्यात एस.टी. स्टँडजवळच्या सिग्नलला मी थांबले होते. समोर बसथांब्यावर ती दिसली. जीन्स, केस कापलेले, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. मी हॉर्नवर हात ठेवला, पण वाजवला नाही. तिच्याभोवती चार-पाच मुलं-मुली होत्या. मी एकेकाचा चेहरा नीट बघितला. नाझिया नव्हती, सान्वी नव्हती, माझ्या गाडीतलं कोणीच नव्हतं. ती हात हलवून काहीतरी सांगत होती, न थांबता, आणि बाकीचे ऐकत होते.