भुंगेऱ्याचा उसना पाय

माझी धाकटी बहीण संग्रहालयात किडे टाचून ठेवायच्या कामाला आहे. हातात कायम चिमटा, म्हणून अख्खी गल्ली तिला चिमटाताई म्हणते. तिथली तिची खोली म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत नुसते लाकडी खण आणि डांबरगोळ्यांचा वास. खणात टाचणीवर एकेक भुंगेरा, खाली नखाएवढी चिठ्ठी, चिठ्ठीवर दोन शब्दांचं नाव. पहिला शब्द वंशाचा, दुसरा त्याचा स्वतःचा.

मी म्हटलं, "म्हणजे आडनाव आधी."

"हो दादा. माणसं आडनावावरून भांडतात, आमच्याकडे पायांवरून भांडण."

आणि झालंही सगळं पायावरूनच. तिथे भुंगेऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम आहेत. त्यांना जुन्या खणात एक बिननावाचा सापडला. अंग ओळखीचं, पण मागच्या पायाला करवतीसारखे दाते. मागचा तेवढा एकच पाय शिल्लक, जोडीचा गळालेला. अशा अंगाला असा पाय कुठेच नोंदलेला नव्हता. म्हणजे नवी जात!

मॅडम म्हणाल्या, "ताई, शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नाही असा आमच्यात रिवाज आहे. तुम्ही एवढी वर्षं सांभाळलंत, तुमचं देते."

बहीण तरंगतच घरी आली. असं नाव एकदा छापलं की माणूस गेला तरी मागे राहतं. मेहुणे शिंपी. ते गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता सांगायला लागले, "बायकोच्या नावाचा किडा निघालाय."

एक गिऱ्हाईक म्हणालं, "मग चावत असेल."

मेहुण्यांना त्याचंही काही नाही. रविवारी संग्रहालयात बघायला या म्हणून सगळ्या गल्लीला आवतण देऊन मोकळे.

फोटो काढायच्या आधी बहिणीने भुंगेऱ्यावरची धूळ झटकायला घेतली. भिंगाखाली पाहते तर पायाच्या सांध्यावर काहीतरी चकाकलं. डिंक. आणि थेंब टेकवायची पद्धत तिची स्वतःची. नवी नवी कामाला लागली तेव्हा लंगडा किडा तिला बघवायचा नाही. गळून पडलेल्या पायांची एक डबी असते, त्यातला मापाचा पाय शोधायचा आणि चिकटवायचा. चिकटवलं तर चिठ्ठीवर तसं लिहायचं असतं, हे तिला मागाहून कळलं.

तिने भिंग पुसून पुन्हा पाहिलं. मॅडमचं लिखाण तयार होतं, फोटोवाला यायचा होता. मग उठली आणि भुंगेरा घेऊन मॅडमच्या टेबलाशी गेली.

"मॅडम, थोडं कोमट पाणी लागेल."

"कशाला?"

"हा पाय माझा आहे."

मॅडमनी आधी तिच्या पायांकडे पाहिलं, मग भुंगेऱ्याकडे. तिने सांगितलं सगळं. ओल्या कुंचल्याने सांधा भिजवत दोघी वाट बघत बसल्या. पाय हळूच सुटला आणि कागदावर पडला. राहिला तो बागेत कुठेही दिसणारा साधा भुंगेरा. पाय निघाला शेणातल्या किड्याचा.

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. "ताई, एक अख्खी जात धुऊन काढलीत," म्हणाल्या, आणि हसायलाच लागल्या. "छापल्यावर दुसऱ्या कुणी धुतली असती तर मला तोंड लपवायला खण पुरला नसता."

घरी मेहुण्यांचं तोंड उतरलं. "अगं, गप्प राहिली असतीस तर कोणाला कळणार होतं?"

"कुणाला नाही. पण उद्या एखादा तसला भुंगेरा शोधत, माझं नाव घेत रानोमाळ हिंडला असता. आणि तो कुठे नाहीच."

मेहुण्यांनी कात्री दोनदा उघडली, मिटली. "शिव्या तुलाच बसल्या असत्या," म्हणाले.

आवतण काही त्यांनी मागे घेतलं नाही. रविवारी गल्ली हजर. मेहुणे पुढे होऊन एकेकाला भिंगाशी वाकवत होते, "बघा, बघा नीट. जवळजवळ आमची ही."