बापाच्या कोटाचा खाका

गल्लीत तिचं शिवणाचं दुकान; सगळे तिला मास्तरीण म्हणत. जीभ कात्रीहून धारदार. कुणी नवा कपडा दाखवला की आधी तो उलटा करायची, आतली शिवण बघायची आणि मगच तोंड उघडायची. "वरून काय, सगळंच देखणं दिसतं," म्हणायची.

पण तीच एकदा फसली. एक गोडबोल्या एजंट आला. "मावशी, कपडे बेतायचे हे पुठ्ठ्याचे खाके कॉम्प्युटरात, आमच्या कंपनीच्या प्रोग्रॅमात चढवा, जन्माची कटकट मिटेल." हिनं चढवले आणि पुठ्ठे दिले रद्दीत. त्यात तिच्या शिंपी बापानं स्वतःच्या कोटासाठी आखलेला खाकाही गेला. पुढे कंपनीनं वर्गणी वाढवली, हिनं नाही म्हटलं, तर खाक्यांना कुलूप! एजंट फोनवर म्हणतो कसा, "खाके तुमचेच हो, किल्ली तेवढी आमची."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेल्या, माझ्या बापाची कमाई डांबून ठेवतोस? तुला पाणी पाजलं नाही तर कात्री खाली ठेवीन!"

वाचनालयात नोकरी करणाऱ्या भाचीनं दुसरा प्रोग्रॅम आणून दिला, फुकटचा. "मावशी, याचं आतलं सगळं उघडं असतं. कुणीही बघावं, सुधारावं."

"म्हणजे उलटा करून बघता येतो! मग तेव्हा माझी अक्कल काय चरायला गेली होती?"

तिनं गिऱ्हाइकांकडून जुने कपडे मागवले, शिवणी उसवल्या आणि तुकड्यांवरून एकेक खाका पुन्हा आखला. बापाचा कोट तेवढा राहिला. तो घालूनच बाप शेवटच्या प्रवासाला गेला होता. मग तिनं सगळे खाके नेटवर टाकले, कुणीही घ्या म्हणून. वर दुकानादुकानांत जाऊन तो प्रोग्रॅम शिकवला. शिंपी एजंटाला दारातूनच वाटेला लावू लागले, आणि हिला प्रत्येक वेळी गार गार वाटायचं.

शेवटी तो आलाच, एवढंसं तोंड करून. "मावशी, धंदा बसला माझा. नेटवरचं काढा. तुमचे खाके कायमचे मोकळे करून देतो. वडिलांचा कोटसुद्धा."

मशीनच्या चाकावर तिचा हात थांबला. त्या कोटाचा खांदा बापानंतर कुणाला जमला नव्हता, तिलाही नाही.

"मी काढलं, की उद्या तू दुसऱ्या कुणाच्या बापाला कुलूप लावशील," ती म्हणाली. "ठेव तुझ्याकडेच. चल, नीघ."

तो गेल्यावर ती मशीनवर डोकं टेकून पोटभर रडली. मग डोळे पुसले आणि शेजारच्या शिंप्याकडे गेली. त्याला आजच कंपनीचा प्रोग्रॅम काढून टाकायचा होता.