कान न धरलेली हत्तीण

आमच्या ड्रॉइंगच्या सरांना हत्तींचा जेवढा अभिमान आहे, तेवढा खुद्द हत्तींनासुद्धा नसेल. तसा आमच्या दौंड तालुक्याचा आणि हत्तींचा संबंध काहीच नाही. उसात बिबट्या निघतो, हायवेवर मेंढरांचे कळप आडवे येतात, पण हत्ती म्हणावा असा आमच्याकडे फक्त गणपतीच. सर निवृत्त झाले, मुलीनं त्यांना मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला, आणि त्या फोनमध्ये एके दुपारी त्यांना परदेशातली एक हत्तीण दिसली. सोंडेत कुंचला धरून ती कागदावर चित्र काढत होती. आधी हत्तीची पाठ, मग पाय, मग सोंड आणि शेवटी सोंडेत एक लाल फूल. सर खाटेवरून उठून उभे राहिले म्हणे, आणि उभ्यानंच त्यांनी तो व्हिडिओ सात वेळा पाहिला. त्या दिवसापासून पाटसचा एसटी स्टँड, बँकेतली रांग, केशकर्तनालय, कुठंही भेटलेला माणूस त्यांच्या हत्तिणीतून सुटला नाही. एकदा भांडगावात कुणाच्या तरी दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना म्हणून सगळे ताटकळले होते. सरांनी फोन काढला. "कावळ्याचं ऱ्हाऊ द्या हो. हे बघा. हिला आपण जनावर म्हणायचं का?" बघता बघता सगळी शोकाकुल मंडळी फोनभोवती गोळा झाली, आणि कावळा कधी येऊन शिवून गेला ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मी त्यांचा विद्यार्थी, आणि पुढं त्यांच्याच शाळेत गणिताचा मास्तर झालो. त्यामुळं त्यांना दोन्ही बाजूंनी ओळखण्याचं भाग्य मला लाभलं. सर रस्त्यानं चालताना मधेच थांबायचे, डोळे अर्धे मिटायचे आणि समोरच्या पत्र्याच्या शेडकडं असं बघत राहायचे की जणू स्वर्गाचं दार किलकिलं झालंय. मागं उसाची ट्रॉली हॉर्न वाजवत उभी. "थांब रं जरा," ते ड्रायव्हरला म्हणायचे, "सावली सरकतीय." घरी चहासुद्धा त्यांना रंगाच्या नावानं लागायचा. "आज बर्न्ट सिएना जमला न्हाई," असं ते म्हणाले की काकू आतून म्हणायच्या, "मंग ट्यूब पिळून प्या." वर्गात मात्र हा स्वप्नाळू माणूस फार कडक असायचा. त्यांची शिकवण्याची पद्धत एकच होती, कान. रेष चुकली तर डावा, रंग चुकला तर उजवा. चिमटीत कान धरून ते पोराचा हात कागदावर असा चालवायचे की डोंगराला आपोआप दोन शिखरं यायची आणि त्यांच्या मधोमध सूर्य उगवायचा. आमच्या पंचक्रोशीतल्या तीन पिढ्यांनी तोच डोंगर काढला. माझे दोन्ही कान लाल असायचे, पण डोंगर उत्तम यायचा आणि परीक्षेत अ श्रेणी मिळायची.

निवृत्तीनंतर त्यांच्या हत्तीवेडाला खतपाणी घालणारं काय काय त्यांना फोनमध्ये सापडत गेलं. हत्ती आरशात स्वतःला ओळखतो. वाटेत आपल्यातल्या कुणाची हाडं दिसली तर थांबतो, सोंडेनं चाचपतो. कैक वर्षांपूर्वी भेटलेलं माणूस विसरत नाही. हे सगळं ते मला संध्याकाळी पारावर बसून सांगायचे, आवाज खाली आणून, घरातलं गुपित सांगावं तसं. ऐकता ऐकता मलाही भास व्हायचा की हायवेच्या पलीकडच्या उसातून काहीतरी मोठं, राखाडी, शहाणं हळूहळू चालत चाललंय.

मग मी एक चूक केली. मास्तरकी अंगात मुरली की दुसऱ्याचं गणित चुकलेलं दिसताच हात शिवशिवतात. माझ्याही फोनवर एक व्हिडिओ आला होता. त्यात तीच हत्तीण दुसऱ्या बाजूनं दाखवली होती. तिच्या मानेआड माहूत उभा होता. त्यानं तिचा कान धरला होता. कान वर ओढला की कुंचला वर जायचा, खाली ओढला की खाली. वर्षानुवर्षं तेच एक चित्र तिच्याकडून घोटून घेतलेलं. मी तो व्हिडिओ सरांना दाखवला. थोडा विजयानंच दाखवला, खोटं कशाला बोलू.

सरांनी तो शेवटपर्यंत पाहिला. मग चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला.

"कुठला कान धरलाय रं त्यानं?"

"डावा दिसतोय सर."

"रेषेचा," सर म्हणाले, आणि उठून घरी गेले.

त्यानंतर महिनाभर ते पारावर आले नाहीत. काकू म्हणाल्या, "चहा कसा झालाय ते बी सांगत न्हाईत. नुसता पितात." मला फार वाईट वाटलं. एका म्हाताऱ्या माणसाची हत्तीण मी मारून टाकली होती.

गेल्या वर्षी साखर कारखान्याचा हंगाम संपत आला होता तेव्हाची गोष्ट. सकाळी सरांचा फोन आला. "ये. असशील तसा ये. माझ्या लिंबाखाली हत्तीण हाय." मला वाटलं, सरांचं डोकं फिरलं. गाडी काढून भांडगावजवळच्या त्यांच्या मळ्यात गेलो, तर विहिरीशेजारच्या कडुलिंबाखाली खरोखरच हत्तीण उभी होती. मोठ्या कानांची, डोळ्यांखाली पाण्याचे ओघळ वाळलेली, पुढचा एक पाय उचलून धरलेली. गावोगाव फिरून भिक्षा मागणारा एक माहूत तिला घेऊन हायवेनं चालला होता. डांबरानं तिचा तळवा फाटला. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले होते. तिला आठवडाभर हलवू नका, असं त्यांनी बजावलं होतं, आणि वनखात्याचे लोक पुढची सोय होईपर्यंत ती इथंच राहील असं सांगून गेले होते. सरांनी आपला लिंब, आपली विहीर आणि अर्धा एकर ऊस तिच्या हवाली केला होता.

आणि तिच्यासमोर लाकडी फळ्यावर कागद टाचून ठेवला होता. शेजारी बादलीत रंग, आणि हातभर दांड्याचा कुंचला.

"ये नहीं आता इसको, साहब," उत्तरेकडचा तो वयस्क माहूत हात जोडून म्हणाला. "सलाम आता है, आशीर्वाद आता है. पेंटिंग नहीं सिखाया."

"न्हाई शिकवलं?" सरांचा चेहरा उजळला. "लई ब्येस केलं! शिकवलेलं मला नकोच हाय. आता असं करा चाचा, तुम्ही तिकडं विहिरीच्या धावेवर बसा. तिच्या कानाजवळ कुणी जायचं न्हाई. मी सुद्धा न्हाई."

पहिल्या दिवशी हत्तिणीनं कागद खाल्ला. "हँडमेड होता," सर म्हणाले, "चवीला बरा लागला आसंल." दुसऱ्या दिवशी तिनं कुंचला उचलला. सरांनी चष्मा सावरला. तिनं पायाखाली धरून त्याचे केस उपटून टाकले आणि उरलेल्या दांड्यानं काखेत आरामात खाजवलं. "बघितलंस? आपल्या कामाचं हत्यार तिनं स्वतः करून घेतलं," सर म्हणाले. मी हसलो, पण ते अगदी गंभीर होते. तिसऱ्या दिवशी तिनं रंगाची बादली उपडी केली आणि निळ्या सोंडेनं सरांच्या टोपीला आशीर्वाद दिला. ती टोपी त्यांनी धुऊ दिली नाही.

पाचव्या दिवसाची दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. हवा थांबली होती. मोटार बंद, पाटातलं पाणी स्थिर, लिंबाची बारीक पानं एकेक करून गिरक्या घेत खाली येत होती. माहूत डोक्याखाली हात घेऊन पडला होता. मी आणि सर झाडाच्या दुसऱ्या बाजूला बसलो होतो, अर्धे झोपेत. आणि हत्तिणीनं सोंडेचं टोक मातीवर टेकवलं. सावकाश, फार सावकाश एक लांब वळण काढलं. थांबली. फुंकर मारून तिथली पानं उडवली. पहिल्या वळणाच्या आत दुसरं वळण काढलं. मग दुखरा पाय हळूच पुढं सरकवून सगळं पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली. ती डुलत होती आणि रेषा मातीवर अशी सरकत होती की पाणी आपली वाट शोधतंय असं वाटावं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. सरांनी दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत घट्ट अडकवून ठेवले होते. ते हात तिकडं जाऊ नयेत म्हणून त्यांना धरून ठेवावं लागत होतं.

"सर," मी कुजबुजलो, "हे चित्र म्हणायचं का?"

"मला न्हाई ठावं," सर म्हणाले. "खाज सुटल्यावानी काहीतरी आसंल. दुपार जड जात आसंल तिला. पर आत्ता तिला कुणी सांगितलेलं न्हाई, एवढं खरं."

माहूत जागा झाला होता. "टाइमपास है साहब. दोपहर को अकेली होती है तो करती है. बचपन से."

"काय काढती ती?" सरांनी विचारलं. मग हिंदीत विचारलं, "क्या बनाती है?"

माहूत उठून बसला. "कभी पूछा नहीं," तो म्हणाला.

सरांनी पाठीमागचे हात सोडवून मांडीवर घेतले. मग मातीकडं बघतच म्हणाले, "मी बी कवा विचारलं न्हाई. एवढी पोरं हाताखालनं गेली. एकाला बी न्हाई."

आठवड्यानं वनखात्याचा ट्रक आला. हत्तीण आता कुठल्याशा हत्तींच्या दवाखान्यात राहणार होती, भिक्षा मागत फिरणार नव्हती. माहूतही तिच्याबरोबर निघाला. ट्रक गेला त्या धुळीकडं सर डोळे अर्धे मिटून बघत राहिले, आणि मग मला म्हणाले, "गाडी काढ. मांडवगणला जायचंय."

भीमेवरचा पूल ओलांडून शिरूर तालुक्यात शिरेपर्यंत त्यांनी कारण सांगितलं नाही. मग सांगितलं. सातवीतली एक मुलगी होती. नदीचं चित्र काढायला सांगितलं, तर तिनं अख्खा कागद काळा केला. सरांनी उजवा कान धरून तिच्याकडून निळी नदी काढून घेतली. पुढच्या परीक्षेत तिनं कोरा कागद दिला, आणि नंतर कधीच काही काढलं नाही. लग्न होऊन ती मांडवगण फराट्याला गेली, एवढं त्यांना ठाऊक होतं. गेली पंचवीस वर्षं तो काळा कागद त्यांच्या मनात कुठंतरी पडून होता, हे मला त्या दिवशी कळलं.

ती पिठाची गिरणी चालवत होती. सरांना बघून तिनं पट्टा थांबवला, पदराला हात पुसून पाया पडली. केस, भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या. चहा आला. सरांनी कप हातात घेतला आणि एकदम विचारलं, "पोरी, त्या दिवशी तू नदी काळी का काढलीस?"

मला वाटलं तिला काही आठवणार नाही. ती लाजून हसली.

"नदी नव्हती ती सर. आमची म्हस होती. नदीत बसल्याली. मी तिच्या पाठीवर झोपायची ना, तवा तेवढंच दिसायचं. सगळं काळंच."

सर हसायला लागले. हसता हसता चहा बशीत सांडला. मग ते हसणं निराळंच झालं आणि मी बाहेर जाऊन गिरणीसमोरच्या बाभळीकडं बघत उभा राहिलो. आतून तिचा आवाज येत होता. "आसं काय करताय सर, मला तर कान धरल्यालं आठवत बी न्हाई." हे ती खरं बोलत होती की नाही, मला सांगता येणार नाही.

आता दर रविवारी सरांच्या ओसरीवर दहा-बारा पोरं जमतात. कागद सर देतात, विषय देत नाहीत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय आणि ऑपरेशनला ते तयार नाहीत, सगळं धुक्यातल्यासारखं छान दिसतं म्हणतात. त्यामुळं पोरं चित्र घेऊन त्यांच्याजवळ बसतात आणि त्यात काय आहे ते सांगतात. सर ऐकतात. गेल्या रविवारी मी गेलो, तेव्हा पहिलीतली एक मुलगी त्यांच्याजवळ बसून बराच वेळ काहीतरी सांगत होती. तिच्या कागदावर दोन ठिपक्यांशिवाय काहीच नव्हतं. ती पळून गेल्यावर मी विचारलं, "काय होतं सर?"

सरांनी तो कागद डोळ्यांजवळ नेला, खूप जवळ.

"सांगितलंय तिनं मला," ते म्हणाले, "पर कुणाला सांगू नका म्हणाली."