दुसरी हाक

आमच्या वाडीत एका हाकेला ओ देत नाय. भर दुपारी नायतर तिन्हीसांजेला कुणी लांबून नाव घेतलं, तर आधी गप्प राहायचं. माणूस असेल तर परत हाक मारेल. एकदाच बोलावून गप्प झालं, तर ते माणूस नाय, आणि त्याच्या मागे जायचं नाय. खाली नाते गावातले शिकलेले लोक आम्हाला हसतात. हसू देत. आमची पोरं अजून तसल्या हाकेच्या मागे गेली नायत.

माझी धाकटी जाऊ दर्शना हा नेम सगळ्यात जास्त पाळायची, आणि तिला तसं कारणही होतं. तिची अक्षदा तेराएक वर्षांची झाली आणि पोरीचे डोळे जायला लागले. आधी संध्याकाळचं दिसेना. अंगणातल्या कळशीला अडखळायची, दाराच्या चौकटीवर आदळायची. आम्हाला वाटलं, पोर धांदरट हाय. मग दुपारचंही कमी झालं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातला पडदा वाळत चाललाय, ह्याला चष्मा नाय आणि औषधही नाय. नववीत फळा दिसेना झाला. त्या पावसाळ्यात शाळेच्या वाटेवर ओढ्यावरच्या साकवावरून तिचा पाय घसरला. तिथे गुरं धूत असलेल्या माणसाने ओढून काढली म्हणून वाचली. त्या दिवसापासून शाळा बंद.

पुण्याला अंध मुलींची शाळा हाय, राहायची सोय हाय, असं सगळ्यांनी सांगितलं. मायलेकी जाऊन बघूनही आल्या. परतीच्या एस.टी.त पोरीने आईचा पदर मुठीत धरला तो महाड येईपर्यंत सोडला नाय. घरी आल्यावर दर्शना मला म्हणाली, "ताई, मीच शिकवते तिला घरी. सतरा नंबरचा फॉर्म भरू." शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं तर तो फॉर्म भरतात.

"तू गो काय शिकवणार?" मी म्हणाले. "तू स्वतः बारावीला इंग्रजीत नापास झालेली."

"म्हणूनच. कुठं अडतं ते मला ठाऊक हाय."

माझा दीर किशोर एमआयडीसीत कामाला. रात्रपाळी असली की तो दिवसा झोपतो, म्हणून ह्या दोघींची शाळा मागच्या गोठ्यात भरायची. गोठा आणि माझी चूल ह्यांच्यामध्ये फक्त एक कुडाची भिंत. त्यामुळे झालं काय, की माझी भाकरी थापून होईस्तो माझी पण दहावी होत आली. दर्शना प्रत्येक वाक्य दोनदा वाचायची. एकदा सरळ, आणि मग सावकाश, शब्द तोडून. भूमिती आली की सारवलेल्या जमिनीवर काथ्याच्या दोरीचे त्रिकोण मांडायची आणि पोरीचा हात धरून त्यावरून फिरवायची. मी भिंतीपलीकडून म्हणायचे, "म्हैस पास होईल बघ भूगोलात. पोरीचं काय ते तू सांग." दोघी हसायच्या. दर्शनाचं हसणं मोठं होतं, पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. आवाजच तसा होता तिचा. गौरीच्या नाचात सगळ्यांच्या वर चढायचा.

वाटेवरची टवाळ पोरं अक्षदाला हाक मारून फसवायची. एकदा तर "ये, आई इकडे हाय" करत तिला ओढ्यापर्यंत नेली. दर्शना त्या पोरांच्या घरी जाऊन जे काय बोलली, ते इथे सांगण्यासारखं नाय. मग तिने लेकीला जवळ बसवलं आणि नेम घालून दिला. एका हाकेला ओ द्यायची नाय, मग ती कुणाची का असेना. "मी तुला कायम दोनदाच बोलवीन. दुसरी हाक आली की समज, मी हाय." आणि खरंच, कितीही घाईत असली तरी तिची हाक दोनच यायची. "अक्षे… अक्षे गो." दुसऱ्या हाकेला आतून लगेच, "ओ."

मला त्याचा ताप व्हायचा. मी एकदा चुलीवर दूध ठेवून पाण्याला गेले आणि विहिरीवरून ओरडले, "अक्षदा, दूध बघ." दूध गेलं सगळं उतू. येऊन बघते तर पोर उंबऱ्यावर शांत बसलेली.

"ऐकू आलं नाय का तुला?"

"आलं ना. पण तू एकदाच बोललीस, मोठी आई. भूत असतं तर?"

"भूत दूध बघायला सांगतं का गो?" मी म्हणाले. वर दर्शना लेकीचीच बाजू घेऊन हसत बसली. मी दोन दिवस दोघींशी अबोला धरला. तोही धड टिकला नाय, कारण भिंतीपलीकडे गणित अडलं की माझ्याच तोंडून उत्तर निघून जायचं.

गणपतीत आरतीला दर्शनाचा आवाज वर जाईना. सगळ्या बायका म्हणाल्या, वाचून वाचून घसा बसलाय. मीही तेच म्हणाले. दुसरं काय वाटणार? दिवसभर बाई पुस्तकं वाचते, तेही दोन-दोनदा, घसा बसायचाच. हळद घालून दूध झालं, ज्येष्ठमध झालं, अडुळशाचा काढा झाला. कुणी मास्तरलोक काय घेतात ते विचारून आलं. तिलाही त्यात थोडी मजा वाटायची. "मास्तरीण झाले ना, मास्तरांचं दुखणं येणारच," असं खरखरत सांगायची.

एकटी अक्षदा हसली नाय. दिवाळीच्या सुमाराला मी भिंतीपलीकडून ऐकलं. धडा चालू होता आणि पोर मध्येच म्हणाली, "आई, तुझा आवाज म्हातारा झालाय."

"तुझा भूगोल वाचून झालाय."

"नाय. तू पूर्वी एका दमात वाक्य वाचायचीस. आता मध्ये थांबतेस."

"मग तू ऐकतेस कशाला माझा दम? धडा ऐक."

मकरसंक्रांत झाली आणि एक दिवस दर्शना चूळ भरत असताना मोरीत रक्त दिसलं. मी तिला हाताला धरून महाडला नेलं, ती नको नको म्हणत असताना. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून आत बघितलं, आणि बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, गाठ हाय, ती साधी वाटत नाय, ताबडतोब मुंबईला जा. तंबाखूची मिश्री मी लावते, सकाळ-संध्याकाळ, लग्न झाल्यापासून. तिने कधी बोटाला लावली नाय. आणि गाठ तिला. मी त्या दवाखान्यातच रडले. ती रडली नाय. तिने डॉक्टरांना विचारलं, "मार्चपर्यंत थांबलं तर चालेल का?"

"थांबू नका," डॉक्टर म्हणाले.

ती थांबली. मी काय काय नाय बोलले तिला? किशोरला सांगितलं, तोही बोलला. तो तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला अंगणात, मी बघितलं. ती म्हणाली, "विज्ञानाचा दुसरा भाग राहिलाय. इतिहास एकदा परत व्हायचाय. माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय तिच्या डोक्यात जात नाय. परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी जाऊ."

"आणि तुला काय झालं तर?" मी म्हणाले. "दहावी काय पळून जाते का? पुढच्या वर्षी बसेल."

"पुढच्या वर्षी मी वाचू शकेन का, ताई?"

मी भांडी आपटली आणि आत निघून गेले. मला तिचा इतका राग आला होता की तिचं तोंड बघवेना. भिंतीपलीकडे वाचन चालूच राहिलं. एक वाक्य, मग खोकला, मग तेच वाक्य परत. दोनदा वाचायचं तिने सोडलं नाय. शेवटी शेवटी ते वाचन राहिलं नव्हतं, नुसतं कुजबुजणं होतं, आणि पोर तिच्या अगदी तोंडाशी कान लावून बसायची. विज्ञानाचे काही धडे किशोरने मोबाईलवर घेऊन ठेवले, उजळणीला. त्यातही खोकला हाय.

परीक्षा महाडला झाली. अक्षदासाठी वेगळी खोली आणि लिहायला नववीतली एक मुलगी. ही सांगायची, ती लिहायची. दर्शना रोज फाटकाबाहेर उन्हात उभी. शेवटचा पेपर देऊन पोर बाहेर आली आणि म्हणाली, "सगळं तुझ्याच आवाजात आठवत होतं." मी बाजूलाच होते. मी दुसरीकडे बघितलं.

मग नवरा-बायको मुंबईला गेली. चवदार तळ्याच्या गर्दीचे दिवस होते, स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती, कशीतरी गाडी मिळाली. तिथल्या मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की आवाजाची पेटीच काढायला लागेल. जीव वाचेल, पण आवाज राहणार नाय. गळ्याला भोक राहील, त्यातून श्वास. जानेवारीत आली असती तर काय फरक पडला असता, ते त्यांनी सांगितलं नाय आणि ह्यांनी विचारलं नाय.

ऑपरेशनची तारीख घेऊन ती चार दिवस घरी आली. लेकीला सांगितलं, घशाचं बारीकसं ऑपरेशन हाय. "मग आवाज पहिल्यासारखा होईल ना?" पोरीने विचारलं. दर्शना म्हणाली, "हो." तेवढंच. त्या चार दिवसांत उगाच दोनदा-दोनदा हाका मारत होती तिला. काही काम नाय, काही नाय. पोर वैतागून विचारायची, "काय?" आणि ही म्हणायची, "काय नाय."

जायच्या दिवशी मी स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागत होती. ती माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "ताई, अक्षेला तू काय सांगू नको. परत आले की तिला मीच सांगेन."

"कशाने सांगशील गो?" मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. किशोर बॅगा घेऊन गाडीच्या दारात उभा होता. त्याने मान फिरवली. ती गाडीत चढली आणि खिडकीतून हात हलवला.

मी शब्द पाळला. कसा पाळला ते माझं मला माहीत. पोर माझ्याकडे होती. रोज बापाचा फोन यायचा आणि रोज ही म्हणायची, आईला दे. किशोर सांगायचा, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय. पोर म्हणायची, "बरं, मग नुसता तिच्या कानाला लाव," आणि परीक्षेचं, म्हशीचं, माझ्या स्वयंपाकाचं सगळं सांगत बसायची. पलीकडून कुणी हुं म्हणायचं नाय. फोन ठेवला की गोठ्यात जायची आणि मोबाईलवर आईचा विज्ञानाचा धडा लावायची. परीक्षा संपलेली, धड्याचं काय काम? मी एकदा म्हणाले, बस कर आता ते. ती म्हणाली, "धडा नाय ऐकत गो मी."

एप्रिल संपता संपता दर्शना आली. दुपारची वेळ, सगळीकडे सामसूम. रिक्षा खालीच सोडून दोघं चढण चढून आली. गळ्याला पांढरा रुमाल, अंग निम्मं झालेलं. मी धावत पुढे झाले, तर तिने ओठावर बोट ठेवलं. गोठ्यातून तिचाच आवाज येत होता. एक वाक्य, मग खोकला, मग तेच वाक्य सावकाश. ती अंगणात थांबली आणि ऐकत राहिली. मला वाटलं, आता कोसळते. पण चालत गेली आणि गोठ्याच्या दारात उभी राहिली. मी मागे.

पोरीला पायरव लागला. तिने मोबाईल बंद केला. "मोठी आई?"

दर्शनाने तोंड उघडलं. ओठ हलले, अक्षे असेच हलले, आणि रुमालाखालून नुसती हवा निघाली. खर्र करून, एकदा.

पोर ताठ झाली. ओ दिली नाय तिने. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसून राहिली. एकच हाक होती ना. दर्शना दाराला धरून उभी, डोळ्यांतून धारा, छाती वरखाली, पण पुढचा श्वास काही बाहेर येईना. मला राहवेना. अगो, आई हाय तुझी, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तर तिने मागे हात करून माझं मनगट दाबलं. शब्द तिचा होता, तिलाच सांगायचं होतं.

मग तिने सगळा जीव गोळा केला आणि परत ओठ हलवले. परत तीच खरखर. दुसऱ्यांदा.

"ओ," अक्षदा म्हणाली.

आणि तिचं तोंड एकदम फुललं. उठली, हात पुढे करून आली, आईच्या खांद्याला लागली, गळ्यात पडली. "तूच हायस. मला वाटलंच. किती येळ लावलास गो दुसऱ्या हाकेला." तिचा गाल त्या रुमालाला लागला होता. ती जरा मागे सरली आणि तोंड वर करून वाट बघत राहिली.

"आता बोल ना, आई," ती म्हणाली. "बंदी उठली ना? बोल ना."