एकच पिवळी गच्ची

कनेरगाव नाक्यावर माझं फोटोचं दुकान आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट साइज, जे येईल ते. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलं की बातमीचे फोटो मोबाइलवरून थेट विकता येतात. वेबसाइटवर टाकायचा, एखाद्या पेपरला आवडला तर तो घेतो. उलटलेला ट्रक, गारपीट, मोर्चा, मी काहीही टाकायचो. आपला फोटो दूरच्या शहरात छापून येतो म्हटल्यावर डोक्यात हवा गेली होती. बायको म्हणायची, नसती उठाठेव कशाला.

अक्काच्या गावाचं नाव लिहीत नाही. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नवरा वारला, मुली सासरी गेल्या, ती एकटीच राहते. तिच्या गच्चीवरून नदी दिसते. यंदा तिची हळद वाळत घालायला गेलो, तेव्हा पात्रात भरदिवसा जेसीबी वाळू उपसत होता आणि टिप्परची रांग लागली होती. मी गच्चीवरूनच चार फोटो काढले. एकाच्या खालच्या कोपऱ्यात हळद आली होती. तो कोपरा कापता आला असता, पण पिवळ्या रंगानं फोटोला उठाव येत होता, म्हणून राहू दिला. माझं नाव छापू नका, एवढं कळवलं आणि स्वतःला मोठा शहाणा समजलो.

नेमका तोच फोटो छापून आला. दोन टिप्पर जप्त झाले.

आता माझा मूर्खपणा ऐका. हळद शिजवायचा कुकर गावात भाड्यानं येतो आणि घरोघर फिरतो. एकट्या बाईचा नंबर शेवटी लागतो, हे वेगळं सांगायला नको. बाकीच्यांची हळद वाळून पॉलिशला गेली होती. त्या आठवड्यात अख्ख्या गावात एकच गच्ची पिवळी होती. शेंबड्या पोरालाही कळलं असतं, मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी अक्काचा फोन आला.

"चार जण आले होते. पानी मागितलं, म्या चहा पाजला. मोबाइलात तुहा फोटू दाखवला. म्या म्हनलं, व्हय, माह्याच भावानं काढला."

"मग?"

"काई न्हाई. लई चांगला हाय म्हनले. तू कधी येनार, इचारून राहिले होते."

तिच्या आवाजात कौतुक होतं. ते वाळूवाले होते, हे तिला कळलंच नव्हतं.

फोटो काढून टाका म्हणून वेबसाइटला लिहिलं. विकलेला फोटो परत घेता येत नाही, असं उत्तर आलं. अक्काला इकडे ये म्हटलं, तर हळद वाळल्याबिगर कशी येऊ, म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या दारासमोर लिंबाखाली एक माणूस मोटरसायकल लावून बसायला लागला. सकाळी येतो, ऊन उतरलं की जातो. तुम्ही एकट्या असता म्हणून राखणीला बसवलंय, असं त्यानं तिला सांगितलं. ती त्याला चहा देते आणि मला रोज म्हणते, एकदा येऊन जा, ते लोक तुझी वाट पाहतात. मी रोज लग्नाच्या ऑर्डरचं कारण पुढे करतो. खरं म्हणजे मी भितो. मी जात नाही तोवर तो माणूस उठणार नाही, हेही मला कळतं.

काल तिचा पुन्हा फोन आला. आवाज अगदी बारीक होता.

"तू येऊ नको," ती म्हणाली. "म्या सांगितलं त्यायला, भावाशी माहं बोलनं न्हाई म्हनून. आता फोन बी करू नको."

लिहायला लाज वाटते, पण फोन ठेवल्यावर सगळ्यात आधी मला हायसं वाटलं.