पाण्याची खोली

आदिलाबादच्या बाजारात रंजीताचं किराणा दुकान आहे. संतोषची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, कंबर धरली तेव्हापासून पोती सरकवण्यापासून शटर ओढण्यापर्यंत सगळं तिच्याच अंगावर आलं. मधली काही वर्षं सासूच्या अंथरुणाशी गेली. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी ती बसली, की उठायच्या आधी थोडी थांबते.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी एक बाई दुकानासमोर येऊन उभी राहिली. खांद्याला लॅपटॉपची बॅग होती. काय पाहिजे म्हणून रंजीतानं विचारलं, तर बाई म्हणाली, "रंजी, मी विनोदिनी. क्वार्टरमधली."

रंजीतानं हातातलं माप खाली ठेवलं.

विनोदिनीचे वडील हणमंतराव सिंचन खात्यात होते आणि सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. रंजीताचे वडील मारोतराव त्याच क्वार्टरच्या दारात भाजीची हातगाडी उभी करायचे. दोघी एका वर्गात. नव्वदच्या सुमाराला हणमंतरावांनी हैदराबादहून टीव्हीला जोडायचा एक छोटा कॉम्प्युटर आणला. गेम असायचा साध्या ऑडिओ कॅसेटमध्ये. टेप सुरू केला की किंचाळल्यासारखा आवाज निघायचा आणि तो संपेपर्यंत कुणी दारसुद्धा आपटायचं नाही, नाहीतर सगळं पहिल्यापासून. मग पडद्यावर हातात कंदील घेतलेला एक चिमुकला माणूस यायचा. त्यानं खोल्याखोल्यांतून जमिनीखाली उतरायचं. विनोदिनी दुसऱ्या खोलीतच मरायची. रंजीता मात्र बटणांकडे न बघता उतरत जायची. हणमंतराव ऑफिसातल्या लोकांना बोलावून तिचा खेळ दाखवायचे. पाण्याची खोली मात्र तिलाही पार झाली नव्हती. तिथं पाण्यावर तरंगत्या फळ्या होत्या आणि त्या पायाखालून सरकायच्या. तेवढ्यात हणमंतरावांची बदली झाली. दहावी झाल्यावर रंजीताचं लग्न लागलं.

विनोदिनी आता बासरला कॉलेजात शिकवायला होती. वडील तिच्याजवळच होते. पडल्यापासून ते अंथरुणाला खिळले होते, झोप उडाली होती, दिवसभर चिडचिड करायचे. त्यांचं मन रमावं म्हणून तिनं तो जुना गेम शोधून लॅपटॉपवर चालू केला. तिचा खेळ दोन दिवस बघून ते म्हणाले, तुझ्यानं होत नाही, मारोतरावांच्या पोरीला बोलाव.

"येशील का एकदा?" तिनं विचारलं.

रंजीतानं दुकान, नवरा, गुडघे, सगळं सांगून पाहिलं. शेवटी म्हणाली, "इनू, आता नाई जमत माह्याच्यानं. तवा मले दुसरं कोणतं काम होतं?"

तरीही विनोदिनीनं तेजस्विनीच्या, म्हणजे रंजीताच्या मुलीच्या, लॅपटॉपवर गेम टाकून दिला. मुलगी सासरी गेल्यापासून तो कपाटातच पडून होता.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की रंजीता तेलाच्या डब्यांमागं बसून खेळू लागली. पहिल्यांदा ती दुसऱ्याच खोलीत मेली. डोळ्यांना दिसायचं, बोटं मागं राहायची. मनगट दुखायला लागलं. संतोष पडल्यापडल्या म्हणायचा, काऊन त्रास करून घेऊन राह्यली? खेळात काही मजा वाटत होती असंही नाही. म्हाताऱ्यानं नाव काढलंय, एवढंच डोक्यात होतं. पण हळूहळू अंगठ्याला उडीची वेळ कळू लागली.

दुकान बंद असलेल्या एका दिवशी ती बसनं भैंसामार्गे बासरला गेली.

हणमंतराव तिला ओळखता ओळखता थांबले. मग म्हणाले, "मारोतराव?"

"बाबा जाऊन लई वर्सं झाली काका."

त्यांनी मान हलवली. विनोदिनीनं पलंगाशेजारी स्टुलावर लॅपटॉप ठेवला. पडदा दिसावा म्हणून त्यांच्या पाठीशी उशा लावल्या. रंजीता खेळू लागली. दोन खोल्या उतरून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पुढे शिकलीस की नाही?"

"नाई काका. दुकान हाये."

ती खेळत पाण्याच्या खोलीपर्यंत आली, तोवर ते पडद्याकडं बघत होते. मग म्हणाले, "मी बोललो होतो मारोतरावांना. बदली झाली तेव्हा. म्हटलं, पोरीला आमच्याबरोबर हैदराबादला पाठवा, विनूसोबत शिकेल. माझी जबाबदारी."

रंजीताची बोटं थांबली. पडद्यावरचा माणूस पाण्यात पडला.

"मले कोणी सांगितलं नाई," ती म्हणाली.

विनोदिनीनं वडिलांकडं पाहिलं. तिलाही हे ठाऊक नव्हतं. हणमंतराव इतकंच म्हणाले, की दुसऱ्या दिवशी मारोतराव मेथीची मोठी जुडी घेऊन आले, हात जोडले आणि नाही म्हणाले.

रंजीतानं गेम पहिल्यापासून सुरू केला. काय करावं ते सुचेना, म्हणून सुरू केला. खोल्या उतरत पुन्हा पाण्याशी आली. पहिली फळी, दुसरी, मग मागं उडी, मग पुढं. माणूस पलीकडं पोचला. पुढं तशीच एक खोली होती, फक्त रंग वेगळा.

विनोदिनी हरखून वडिलांना हलवायला वळली. हणमंतराव तोंड उघडं टाकून झोपले होते.

"राहू दे," रंजीता म्हणाली. "झोपू दे त्याहिले."

दोघी स्वयंपाकघरात जाऊन चहा प्यायल्या. विनोदिनी म्हणाली, तू आली असतीस तर मला तिथं एकटं वाटलं नसतं. रंजीतानं नुसतं हूं म्हटलं.

आदिलाबादला उतरल्यावर ती घरी न जाता भावाकडं गेली. आई, बयनाबाई, ओसरीवर शेंगा सोलत होती. रंजीतानं शेजारी बसून विचारलं, क्वार्टरवाले काका मला न्यायला म्हणत होते का?

बयनाबाईचे हात थांबले नाहीत. "म्हणत होते. तुहे बाबा दोन दिस जेवले नाई."

"मंग काऊन नाई म्हणाले?"

"म्हणे, तिकडं शिकली तं वापस आपल्या घरात रमनार नाई ते. आन् मी बी तेच म्हटलं." मग टरफलं बाजूला सारत म्हणाली, "तू इचारशीन म्हणून लई वर्सं भेव वाटे. मंग वाटनं बंद झालं."

रंजीताला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. पाय मात्र फार दुखत होते. तिनं भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले आणि आईच्या सुपातल्या शेंगा ओंजळभर आपल्या पदरात घेतल्या. अंधारून येईपर्यंत दोघी सोलत बसल्या.